स्थलांतरी वटवाघळांसाठी घेतलेला बॅट डिटेक्टर: दोन हंगामांनंतर

उत्तर अमेरिकेत झाडांच्या पानांत किंवा सालीखाली मुक्काम करणारी होअरी, ईस्टर्न रेड आणि सिल्व्हर-हेअर्ड या तीन जातींची वटवाघळे उन्हाळा सरताना दक्षिणेकडे निघतात. त्यांची ये-जा टिपावी, एवढ्याच हेतूने मी वटवाघळांच्या माणसाला ऐकू न येणाऱ्या हाका मुद्रित करणारा हा डिटेक्टर घेतला आणि दोन हंगाम जंगलाच्या कडेला खांबावर बांधून ठेवला.

जुन्या हेटेरोडाइन यंत्रात एका वेळी एकाच वारंवारतेच्या आसपासचा आवाज ऐकू येतो. ते ४० किलोहर्ट्झवर लावून बसले की २० किलोहर्ट्झच्या आसपास हाका देणारे होअरी डोक्यावरून निघून गेले तरी पत्ता लागत नाही. हे यंत्र सेकंदाला २,५६,००० नमुने घेत असल्यामुळे १२८ किलोहर्ट्झपर्यंतचे सारेच आवाज एकदम मुद्रित होतात. पडद्यावर रेडच्या हाकांची ओळ पाहण्यासारखी असते, कारण प्रत्येक हाकेचे खालचे टोक, म्हणजे तिची सर्वांत कमी वारंवारता, आधीच्या हाकेपेक्षा थोडे वर किंवा थोडे खाली सरकलेले दिसते. हेच वटवाघूळ दिवसा फांदीला एका पायाने लटकले की वाळक्या पानासारखे दिसते आणि जवळ उभे राहूनही सापडत नाही.

सोबतच्या सॉफ्टवेअरचा आत्मविश्वास मात्र फाजील आहे. सिल्व्हर-हेअर्ड आणि बिग ब्राउन नावाची आणखी एक जात यांच्या हाका एकमेकांशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात की पुष्कळदा माणसालाही निर्णय करता येत नाही. तरी हे सॉफ्टवेअर बेधडक नाव देऊन मोकळे होते. बिग ब्राउन लांबचे स्थलांतर करत नाही, त्यामुळे अशा चुका साचल्या की स्थलांतराचा आलेखच बिघडतो. त्यात ऑगस्टमध्ये रातकिडे आणि टोळ असा काही गजर करतात की एकदा मेमरी कार्ड मध्यरात्रीच भरले. मुद्रण सुरू होण्याची किमान वारंवारता वाढवावी, असे विक्रेत्याच्या मदत विभागाने कळवले. तसे केल्यावर किडे थांबले खरे, पण होअरीही यादीतून गेले.

माझा मुख्य आक्षेप, हे यंत्र स्थलांतराची मोजदाद करते, या माहितीपत्रकातल्या दाव्याला आहे. होअरी वटवाघळे कधी अत्यंत क्षीण हाका देत, तर कधी यंत्राला काहीच ऐकू येणार नाही अशा रीतीने उडतात, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले आहे. माहितीपत्रकात याचा उल्लेखही नाही. पवनचक्क्यांखाली मरून पडणाऱ्या वटवाघळांत याच तीन जातींचा वाटा सर्वांत मोठा असतो आणि ते प्रमाण उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरदापर्यंत वाढते, त्यामुळे शांत रात्र म्हणजे मोकळे आकाश असे कोणी धरून चालले तर ती चूक महागात पडेल.

येत्या हंगामातही यंत्र त्याच खांबावर राहील, कारण जे ऐकू येते ते ते उत्तम टिपते. फक्त ज्या रात्री काहीच मुद्रित होणार नाही, त्या तारखेपुढे मी वहीत शून्य न लिहिता रकाना कोरा ठेवणार आहे.