शिवाजीनगर की दापोली?

बी.एस्सी. कृषीला जायचं ठरलं की मुंबई-पुण्याच्या मुलांपुढे हा प्रश्न येतोच: पुण्याचं कृषी महाविद्यालय, की कोकण कृषी विद्यापीठाचं दापोलीचं? पदवी दोन्हीकडे चार वर्षांची, अभ्यासक्रमही बराचसा सारखा. पुण्यात क्लास, अभ्यासिका हाताशी. एमपीएससी पक्कं असेल तर पुढे वाचूही नका.

दापोलीत करमणूक कमी, पाऊस फार. पण शहरी पोराचं बुजरेपण तिथेच गळतं. पावसाळ्यात आंब्याची कोय कलमं बांधायची असतात: कोवळ्या रोपाचा शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची, पाचरीसारखी तासलेली हापूसची काडी तीत बसवून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. शेजारच्या बागायतदाराच्या मुलाला हे सहज जमतं, त्यालाच विचारावं लागतं. पुण्यात असं विचारणं टाळता येतं, संध्याकाळी जुन्या मित्रांच्या कट्ट्यावर जाता येतं. दापोलीत होस्टेलची तीच माणसं. रात्री भांडलात तरी सकाळी मेसमध्ये समोरासमोर. सुट्टीला हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव, एवढीच काय ती चैन.

माझं मत दापोलीला. अट एकच: पहिला पावसाळा सरेपर्यंत बदलीचा विषय काढायचा नाही, आणि आईबाबांनीही दर शनिवारी गाडी घेऊन हजर व्हायचं नाही.