मिग-२१चा सीलबंद डबा आणि माझी झालेली फसवणूक

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात, एका लहानशा गावात माझे कृषी केंद्र आहे. दर वर्षी मृग लागण्याच्या सुमारास बियाणे घ्यायला येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला मी तेच ते सांगत असतो: पक्के बिल घ्या, त्यावर लॉट नंबर लिहिला आहे का ते पाहा, पिशवी खालच्या बाजूने फोडा म्हणजे वरचा टॅग शाबूत राहील, आणि पीक घरात येईपर्यंत रिकामी पिशवी, टॅग व मूठभर बियाणे जपून ठेवा. हे सांगणाऱ्या माणसाने गेल्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ६,७५० रुपये एका अनोळखी विक्रेत्याला बिल न घेता, पत्ता न विचारता पाठवले, आणि तेही प्लॅस्टिकच्या विमानासाठी. लिहिताना लाज वाटते. परंतु ही फसवणूक प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून विमानांची मॉडेल बनवण्याच्या आमच्या छंदातील खाचाखोचा नेमक्या ओळखून रचलेली होती, आणि तिच्यात वीस-पंचवीस मॉडेल पूर्ण केलेला माणूसही सापडू शकतो, हे इतरांना कळावे म्हणून लिहीत आहे.

माझे मामा नागपूरला वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडमध्ये नागरी कर्मचारी होते. मी सातवीत असताना त्यांनी मला विमानाचा एक किट आणून दिला, तेव्हापासून हे वेड लागले. दुकानाचे शटर ओढले, जेवण झाले की रात्री तास-दीड तास मी या कामाला बसतो. पॉलिस्टायरिनच्या चौकटीतून भाग कापायचे, ४०० आणि ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने त्यांच्या कडा घासायच्या, प्लॅस्टिक किंचित विरघळवून दोन भाग एकजीव करणाऱ्या पातळ सिमेंटने ते जोडायचे, फटी पुट्टीने बुजवायच्या, रंग द्यायचा आणि सर्वांत शेवटी पाण्यात भिजवून सरकवण्याची चिन्हे, म्हणजे डिकॅल, लावायची. ‘सर्वांत शेवटी’ हे शब्द लक्षात ठेवावेत, कारण माझी फसवणूक त्यांच्याच आडून झाली. आमच्याकडे हे काम बाराही महिने करता येत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला की ॲक्रिलिक रंग तो फवारणाऱ्या एअरब्रशच्या टोकातच सुकतो आणि विमानावर रंगाऐवजी भुकटी बसते. म्हणून माझा खरा हंगाम दसऱ्यापासून होळीपर्यंतचा. त्यामुळे सप्टेंबर आला की मला किटची घाई होते, आणि घाई झालेले गिऱ्हाईक विक्रेत्याला लांबूनच ओळखू येते. हे मी स्वतः दुकानदार असूनही विसरलो.

घाईला आणखी एक कारण होते. १९६३ मध्ये चंदीगड येथे २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनपासून वायुसेनेत दाखल झालेले मिग-२१ हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथेच निवृत्त होणार होते. याच स्क्वाड्रनच्या मिगांनी १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यातील गव्हर्नर हाउसवर रॉकेटचा मारा केला होता, आणि मामांकडून ती हकिकत मी इतक्या वेळा ऐकली होती की निरोपाच्या निमित्ताने संग्रहात भारतीय खुणांचे एक चांगले मिग असावे असे मला तीव्रतेने वाटू लागले. असे वाटणारा मी एकटा नव्हतो. मला हवा तो किट ज्यांच्याकडून नेहमी घेतो त्या दोन्ही दुकानांत संपलेला होता. परदेशातून मागवावा तर खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालेले, आणि जकातीच्या खात्यात मॉडेल किटदेखील खेळणेच. मग उरतो तो हौशी लोकांनी आपापसांत विकलेल्या जुन्या संग्रहांचा बाजार. तेथे प्रामाणिक माणसेच अधिक आहेत, हेही सांगितले पाहिजे. माझ्या कपाटातील निम्मे किट तेथूनच आलेले आहेत.

मला हवा होता तो चेक प्रजासत्ताकातील एडुआर्ड कंपनीचा १:४८ प्रमाणातील, म्हणजे खऱ्या विमानाच्या ४८व्या भागाएवढा, मिग-२१च्या ‘बिस’ या प्रकाराचा किट. या कंपनीचा तोच साचा दोन प्रकारच्या डब्यांत मिळतो. ‘वीकेंड’ डब्यात प्लॅस्टिकचे भाग आणि डिकॅल असतात. ‘प्रोफिपॅक’ डब्यात त्यांच्या जोडीला कॉकपिटसाठी फोटोएच म्हणजे धातूच्या पातळ पत्र्यात कोरलेले रंगीत भाग आणि काच झाकण्याचे मास्क असतात. कॉकपिट नीट सजवायचे तर दुसरा डबा घ्यावा, एवढे मला ठाऊक होते. कंपनीचा या प्रकरणाशी काहीही संबंध नाही; गैरवापर झाला तो तिच्या डब्याचा.

विक्रेता एका मोठ्या शहरातील होता, असे तो सांगत असे. हौशी मंडळींच्या एका व्हॉट्सॲप गटातून त्याचा नंबर मिळाला होता. बोलणे अत्यंत नम्र, प्रत्येक वाक्यात ‘सर’. त्याने आरंभी किट विकण्याचा विषयच काढला नाही. त्याने मला भारतीय मिगांच्या डिकॅलचा एक कागद ६५० रुपयांत देऊ केला आणि वर म्हणाला की सर, आधी हे घेऊन पाहा, पसंत पडले तर पुढचे बोलू. पाच दिवसांत पाकीट आले. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये जपून ठेवलेला कागद, केशरी-पांढरी-हिरवी वर्तुळे, शेपटीवरचे तिरंगी पट्टे, बारीक क्रमांक. मी भिंग लावून पाहिले आणि माझे समाधान झाले. आज त्या भिंगाचेच हसू येते. डिकॅल कसे आहे हे ते पाण्यात पडल्यावर कळते, आणि विमान रंगवून चकचकीत वार्निश देऊन होईपर्यंत कोणीही डिकॅल पाण्यात टाकत नाही. म्हणजे विश्वास बसावा म्हणून त्याने अशी वस्तू निवडली होती की जिची परीक्षा गिऱ्हाईक किमान दोन महिने घेणारच नाही.

त्यानंतर त्याने प्रोफिपॅक डब्याचा फोटो पाठवला. किंमत ५,८०० रुपये, कुरिअरचे ३०० वेगळे, आणि सोबत कॉकपिटमध्ये बसवायची रेझिनची इजेक्शन खुर्ची फुकट. मी अगदीच आंधळा नव्हतो. डब्याशेजारी माझे नाव आणि त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो पाठवा, असे मी सांगितले, आणि अर्ध्या तासात तसा फोटो आला. फुलाफुलांच्या टेबलक्लॉथवर डबा आणि त्यावर माझ्या नावाची चिठ्ठी. माझ्या डोक्यातील शंका तेथेच विरली. वास्तविक त्या चिठ्ठीने सिद्ध झाले ते एवढेच की डबा त्याच्याकडे आहे. आतील भागांचा फोटो मागितला तेव्हा तो म्हणाला की सर, सील तोडले तर संग्राहकाच्या दृष्टीने वस्तूची किंमत जाते. हे उत्तर मला पटले, कारण असे उत्तर मी स्वतःही दिले असते. माझा भाचा पुण्यात असतो, तो येऊन वस्तू पाहून रोख पैसे देईल, असेही मी सुचवले होते. तर विक्रेता म्हणे कामानिमित्त बाहेरगावी होता. त्यातच आणखी एक गिऱ्हाईक संध्याकाळपर्यंत पैसे पाठवणार असल्याचे त्याने सांगितले. मी दुपारी चार वाजता, काउंटरवर युरियाचे बिल करता करता, यूपीआयने पूर्ण रक्कम पाठवली. पैसे जाताना पडद्यावर दिसलेले नाव त्याने सांगितलेल्या नावाहून वेगळे होते. विचारल्यावर ‘मेहुण्याचे खाते आहे’ असे उत्तर आले.

पार्सल दारव्ह्याला आले ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. त्या वेळी सोयाबीन निघत होते, पाठोपाठ हरभऱ्याच्या बियाण्याची गर्दी सुरू झाली, मग दिवाळी. डबा सेलोफेनमध्ये घट्ट बंद होता. तो हातात घेतला, हलवून पाहिला, आत खुळखुळ झाली, आणि मी तो कपाटावर ठेवून दिला. उघडला तो भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे जवळजवळ तीन आठवड्यांनी.

झाकण काढताच वासाने ओळखायला हवे होते; नव्या किटला असतो तो प्लॅस्टिकचा किंचित तेलकट वास नव्हता, माळ्यावरच्या ट्रंकेचा वास होता. आत एका बाजूला चिकटपट्टी लावलेली साधी पिशवी आणि तिच्यात फिकट हिरव्या प्लॅस्टिकच्या तीन चौकटी. अर्धे भाग चौकटीतून सुटलेले, काचेवर मधोमध तडा. फोटोएच नाही, मास्क नाहीत, खुर्ची नाही. डब्यात वजन राहावे म्हणून तळाशी पुठ्ठ्याचे दोन जाड तुकडे. पंख हातात घेऊन नखाने चाचपला तर पत्र्यांच्या जोडाच्या रेषा कोरलेल्या नसून उठावाच्या होत्या, म्हणजे साचा कित्येक दशके जुना. तरीही आशा सुटेना. मास्किंग टेपने दोन्ही पंख धडाला चिकटवले आणि पट्टी लावली. मिग-२१च्या पंखांचा विस्तार सुमारे ७.१५ मीटर आहे. त्याला ४८ने भागले की १४९ मिलिमीटर येतात आणि ७२ने भागले की ९९. माझ्या पट्टीवर १० सेंटिमीटरही पुरे भरत नव्हते. १:४८च्या खऱ्या डब्यात १:७२चे कोणाचे तरी टाकून दिलेले विमान भरून, वर नवे सेलोफेन चढवून मला पाठवले होते. असे वेष्टन गरम हवेने आवळणे मुळीच अवघड नाही. भेटवस्तूंच्या टोपल्या बांधणारा कोणताही दुकानदार ते करतो.

मग मला त्या डिकॅलची आठवण झाली. बशीत कोमट पाणी घेतले, शेपटीच्या पट्ट्यांपैकी एक कापून त्यात सोडला. दहाएक सेकंदांत केशरी रंगाची एक बारीक रेघ कागदाच्या कडेतून निघून पाण्यात पसरली, तिच्यामागून हिरवी निघाली, आणि बशीतले पाणी गढूळ झाले. उरली ती पारदर्शक फिल्म. घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापून, वर वार्निशचा हातही न देता दिलेला तो कागद होता. पांढरा भाग तर छापलेलाच नव्हता, कारण साध्या प्रिंटरला पांढरा रंग छापता येत नाही. मला भिंगातून जो पांढरा दिसला तो मागच्या कागदाचा. कागद दिव्यासमोर आडवा धरला असता तरी कळले असते. व्यावसायिक छपाईत पारदर्शक फिल्म बहुधा प्रत्येक चिन्हाभोवती तेवढ्यापुरतीच असते आणि तिची कड तिरप्या उजेडात दिसते. या कागदावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी चकाकी होती.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा त्याने आश्चर्य दाखवले, क्षमाही मागितली, आणि पैसे परत करण्यासाठी एक क्यूआर कोड पाठवून तो स्कॅन करून पिन टाकायला सांगितले. एवढ्यापुरते मला सुचले. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. मी तसे म्हणताच फोन बंद झाला आणि तो नंबर पुन्हा लागला नाही. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, राष्ट्रीय सायबर पोर्टलवर व्यवहाराचे बारा आकडी संदर्भ क्रमांक आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट जोडले. तेथून सरळ उत्तर मिळाले: फसवणूक झाल्यावर लगेच कळवले तर रक्कम खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते, माझी तक्रार महिना उलटल्यावर आली आणि ते खाते तोवर रिकामे झालेले होते. माझे तीन आठवडे कपाटावर गेले, ते असे. ग्राहक आयोगाकडे जावे तर हाती ना बिल, ना विक्रेत्याचा पत्ता, ना खरे नाव.

दुकानात हा विषय निघाला तेव्हा आमच्याकडचे एक जुने गिऱ्हाईक सर्व ऐकून म्हणाले, “काहून जी भाऊ, आमाले सांगता अन् तुमीच पावती घेतली नाई?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांना हरभऱ्याच्या दोन पिशव्या दिल्या आणि बिल जरा जास्तच सुवाच्य अक्षरात लिहिले.

ज्यांना जुना किट घ्यायचाच आहे त्यांनी सीलच्या कौतुकात पडू नये. डबा उघडून सर्व चौकटी एका फोटोत मांडायला सांगाव्यात आणि नावाची चिठ्ठी त्या चौकटींवर ठेवायला लावावी. आपल्याला किट बांधायचा आहे, काचेच्या कपाटात सीलबंद ठेवायचा नाही, त्यामुळे सील तुटल्याने आपले काहीच जात नाही. विक्रेता व्हिडिओ कॉलवर डबा उघडायला तयार नसेल तर सौदा सोडावा. पंखाशेजारी पट्टी ठेवून मोजमाप मागावे. विमानाचा खरा विस्तार भागिले प्रमाण, हा हिशेब मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा आहे. डिकॅल वेगळे घेतले तर कोपऱ्यातील बिनमहत्त्वाचा एखादा आकडा त्याच दिवशी पाण्यात टाकून पाहावा. एक आकडा वाया गेला तरी चालेल. खात्यावरील नाव आणि माणसाचे नाव जुळत नसेल तर मेहुणा, साडू, कोणाचेही स्पष्टीकरण ऐकू नये. आणि पार्सल, मग ते सुगीत येवो की दिवाळीत, आले त्याच रात्री मोबाइलवर चित्रण करत उघडावे.

गेल्या आठवड्यात एका दुसऱ्या गटात एचएफ-२४ मारुत या भारतीय लढाऊ विमानाच्या १:४८ किटची जाहिरात आली, ‘सीलबंद, तातडीने विकणे आहे’. नाव वेगळे, नंबर वेगळा, परंतु डबा ठेवला होता तो त्याच फुलाफुलांच्या टेबलक्लॉथवर, आणि डाव्या कोपऱ्यातला चहाचा डागही तोच. मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून माझ्या तक्रारीला जोडले आहेत, गटाच्या प्रमुखांनाही पाठवले आहेत. त्यांनी ती जाहिरात काढली, तोवर दोघांनी ‘अजून आहे का?’ असे विचारून झाले होते. त्या दोघांना मी रात्रीच फोन केला.