एक अख्खा पावसाळा फारोबरोबर

आधी हे सांगून टाकतो की ज्याला सोमवारी क्लायंटला काहीतरी द्यायचं आहे, त्याने फारो या प्रोग्रॅमिंग भाषेच्या वाटेला जाऊ नये. ज्याला तेच ते कोड पाडून कंटाळा आलाय, त्याने मात्र जरूर घ्यावं. फुकट आहे, एमआयटी परवाना (मुक्त वापराचा) आहे, फारो लाँचर टाकला की लगेच चालू होतं. मी जूनमध्ये घेतलं, आता दिवाळी होऊन गेली. दिवसा पणजीत पायथन, रात्री चोडणला घरी हे.

फारो म्हणजे स्मॉलटॉक. १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत अ‍ॅलन के, डॅन इंगल्स, अ‍ॅडेल गोल्डबर्ग या मंडळींनी घडवलेली भाषा. तिच्याच वंशातल्या स्क्वीकपासून २००८ साली फारो वेगळं झालं. भाषा एवढीशी आहे, राखीव शब्द सहाच. इफ आणि व्हाइलसुद्धा त्यात नाहीत. इफ म्हणजे ट्रू किंवा फॉल्स या ऑब्जेक्टला (प्रोग्राममधल्या वस्तूला) पाठवलेला मेसेज, म्हणजे ‘हे कर’ अशी सूचना. बेरीज-गुणाकारही मेसेजच, आणि ते डावीकडून उजवीकडे जातात, म्हणून २ + ३ * ४ चं उत्तर २० येतं. सुरुवातीला डोकं फिरतं, मग हात आपोआप कंस घालायला लागतो. दुसरीकडे १/३ मध्ये २/३ मिळवले की चोख १ मिळतो, कारण इथे अपूर्णांक अपूर्णांकच राहतो.

पण माझी कोड लिहायची पद्धत बदलली ती या व्याकरणामुळे नाही. इथे फाइल उघडून लिहायचा प्रकारच नाही, हे त्याचं कारण. क्लास (म्हणजे ऑब्जेक्टचे साचे), खिडक्या, चालू असलेले ऑब्जेक्ट, सगळं एका इमेजमध्ये, म्हणजे चालू स्थितीच्या एकाच साठ्यात, जिवंत असतं. सेव्ह करून झोपलं की दुसऱ्या दिवशी अर्धवट थांबवलेला डीबगरसुद्धा (प्रोग्राम थांबवून चूक शोधायची खिडकी) तिथेच वाट बघत असतो.

मी यात रायबंदर–चोडण फेरीबोटीचं सिम्युलेशन करायला घेतलं. रोज धक्क्यावर रांगेत उभा असतो, विषय शोधायला कुठे जायची गरज नव्हती. बोट, धक्का, रांग, गाडी असे चार क्लास. पायथनमध्ये मी सगळं आधी लिहिलं असतं आणि मग चालवून बघितलं असतं. इथे एक बोट तयार केली, इन्स्पेक्टरमध्ये (ऑब्जेक्टच्या आत बघायच्या खिडकीत) उघडली, थोड्या स्कूटर चढवल्या आणि तिला ‘ही मोटार घे’ अशा अर्थाचा मेसेज पाठवला, जो मी अजून लिहिलेलाच नव्हता. फारो म्हणालं, हा मेसेज मला कळत नाही. आणि त्याच खिडकीत ‘क्रिएट’ असं बटण. ते दाबलं, कुठल्या क्लासमध्ये हवं ते सांगितलं, तर डीबगर त्या नव्या मेथडवर (मेसेज आल्यावर चालणाऱ्या कोडवर) येऊन उभा. आता समोर खरीखुरी बोट आहे, स्कूटर चढलेल्या आहेत, मोटार दारात आहे. बोटीत किती जागा उरली ते मनाशी धरून लिहायचं कारण नाही, तिलाच विचारायचं. तीन ओळी लिहिल्या, सेव्ह केलं, ‘प्रोसीड’ दाबलं आणि प्रोग्राम अडला होता तिथूनच पुढे निघाला. रीस्टार्टची भानगडच नाही.

हे अंगवळणी पडलं की कोड वापरणाऱ्याच्या बाजूने लिहिला जातो. मेसेजला काय नाव हवं ते आधी ठरतं, तो आतून कसा चालेल ते नंतर. फारोचा ब्राउझर (वेबचा नव्हे, कोड बघायची-लिहायची खिडकी) एका वेळी एकच मेथड दाखवतो, त्यामुळे वीस ओळींची मेथड लिहिताना आपल्यालाच लाज वाटते. सिम्युलेशन चालू असताना ‘आधी मोटारी, मग फटीत स्कूटर’ हा नियम उलटा करून बघितला, तर रांग डोळ्यांदेखत बदलायला लागली. फाइंडर तर मला फारच आवडला: ऑब्जेक्ट आणि हवं ते उत्तर लिहायचं, कुठल्या मेथडने ते मिळतं हे तोच शोधून देतो.

आता रडगाणं. जुलैत एका रात्री वीज गेली, माझ्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली, इमेज सेव्ह केलेली नाही. फारो प्रत्येक बदलाची नोंद वेगळी ठेवतं, त्यामुळे ती नोंद दाखवणारं एपिसिया उघडून सगळा कोड परत लावता आला. पण तासभर चालवून जमवलेली रांग, म्हणजे ऑब्जेक्ट, ते गेले ते गेलेच. तेव्हापासून जे पुन्हा लागणार ते कोडमधूनच तयार करतो. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटसाठी आइसबर्ग हे साधन आहे, ठीक चालतं, पण ऑफिसातल्या मित्राला रेपो (गिटमधला कोडचा साठा) दाखवला तर तो म्हणाला, “वाचायला येतं रे, पण चालवू कुठे?” त्याचं बरोबर आहे. त्याच्या एडिटरमध्ये हा कोड निव्वळ मजकूर आहे. लायब्रऱ्यांच्या बाबतीत पायथनशी तुलनाच नको. पीडीएफ, पेमेंट, एक्सेल असं काही हवं असेल तर वेळ जाणार.

ऑफिसच्या पायथनवर परिणाम झालाच. आता फंक्शन रिकामं ठेवून आत ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबवायची खूण) टाकतो आणि खऱ्या डेटाला विचारत विचारत लिहितो. फक्त शेवटी ते सगळं उचलून फाइलमध्ये टाका, पुन्हा चालवा, ही कटकट पूर्वी जाणवायची नाही, आता जाणवते. टेस्ट आधी लिहायला लागलो तेही इथूनच. जावातल्या जेयुनिट या टेस्टच्या साधनाचा पूर्वज एसयुनिट केंट बेकने स्मॉलटॉकमध्येच लिहिला होता. रिफॅक्टरिंगचं (काम तेच ठेवून कोडची रचना सुधारण्याचं) पहिलं साधनही स्मॉलटॉकचंच. आपल्या एडिटरमधल्या ‘रीनेम’ या रिफॅक्टरिंगला मी गेली कित्येक वर्षं आधुनिक समजत होतो!

शिकायचं असेल तर फ्रान्सच्या इन्रिया संस्थेचा मोफत कोर्स आहे, तो करा. आणि मोठा मॉनिटर जोडा. छोट्या लॅपटॉपवर ब्राउझर, इन्स्पेक्टर आणि डीबगर एकमेकांच्या डोक्यावर चढतात आणि निम्मा वेळ खिडक्या सरकवण्यात जातो.