डायलवाली टायमिंग लाइट: जुन्या गाडीसाठी घ्यावीच

माझी एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) चढाला लागली की तापमानाचा काटा लालकडे सरकायचा. रेडिएटर साफ, थर्मोस्टॅट नवा, तरी तेच. मग ही लाइट घेतली; प्लगची ठिणगी पडते त्याच क्षणी ती चमकते, म्हणून ठिणगीची वेळ (टायमिंग) पुलीवरच्या खुणेवरून दिसते. पहिल्या सिलिंडरच्या प्लगवायरला क्लॅम्प लावला, डिस्ट्रिब्युटरची (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद केलं आणि पुलीवरची खूण पाहिली. टायमिंग चांगलंच मागे पडलं होतं! ठिणगी उशिरा पडली की जळण लांबतं, ती उष्णता हेडमध्ये आणि पाण्यात उतरते. डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवत खूण जागेवर आणली. आता चढावरही काटा मधेच असतो. डायलमुळे 3000 आरपीएमवरचा अ‍ॅडव्हान्सही मोजता येतो, म्हणजे ठिणगी किती अंश आधी पडते ते कळतं, हे मला फार आवडलं. प्रकाश भर उन्हातही दिसतो. वायर मात्र आखूड आहे, पंख्यापासून जपा.