माद्रिदमधल्या खोलीपायी ९७,१५० रुपये गेले, निघण्याआधी वाचा

खोट्या जाहिरातीतल्या खोलीसाठी पाठवलेले १,०५० युरो. बँकेने ९१ रुपये ४० पैसे दर लावला, म्हणजे ९५,९७० रुपये, वर शुल्क आणि जीएसटी मिळून १,१८०. एकूण ९७,१५०. त्यातला एक रुपयाही परत आलेला नाही. पैसे एज्युकेशन लोनचे आहेत, व्याज बाबा भरतायत, आणि हा आकडा लिहिताना आजही डोकं तापतं.

मी पुण्यात स्पॅनिश शिकले आणि माद्रिदच्या एका युनिव्हर्सिटीत वर्षभराच्या कोर्सला प्रवेश मिळाला. 'भाषा येत नसेल म्हणून फसली' असं आमच्याकडे काही जण बोलतात, त्यांना सांगते, करार मी ओळ न् ओळ वाचला होता. कलमं बरोबर होती, भाषा शुद्ध होती, खाली मालकिणीच्या ओळखपत्राची प्रत होती. ती कुणा भलत्याच बाईची चोरलेली असणार. खोली आर्ग्वेय्येस भागात, मोंक्लोआ मेट्रोपासून चालत जाण्याइतकी जवळ, भाडं ४५० युरो. अगदी मातीमोल भाव असता तर संशय आला असता. मालकीण मुलीच्या बाळंतपणासाठी बिलबाओला गेलेली, घर दाखवायला कुणी नाही, आणखी दोघी मुली विचारतायत, वगैरे. पुढचं तुम्हाला माहीत आहेच. ४५० पहिल्या महिन्याचं भाडं, ४५० फियान्सा म्हणजे डिपॉझिट, १५० खोली अडवून ठेवायचे.

आता तो क्षण. बँकेत परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरताना काउंटरवरच्या काकांनी चष्मा वर करून विचारलं, "अगं, बाई स्पेनची म्हणतेस, मग हा खाते क्रमांक एलटीने कसा सुरू होतो? ही लिथुआनियाची बँक आहे." स्पेनचा आयबॅन ईएसने सुरू होतो हे मलाही ठाऊक होतं. मी तिथेच उभ्याउभ्या त्या बाईला मेसेज केला. लगेच उत्तर आलं: युरोपात आता सगळे ऑनलाइन बँका वापरतात, कुठल्याही सदस्य देशाचं खातं चालतं, नाकारणं बेकायदा आहे. आणि ते खरं आहे! नियम तसाच आहे. खोटं बोलणाऱ्याने खऱ्या नियमाचा आधार घेतला तर माणसाने काय करायचं? काका म्हणाले, "तुझी खात्री असेल तर सही कर." मागे रांग होती, व्हिसाच्या फाइलला राहण्याचा पुरावा हवा होता, क्लास सप्टेंबरात सुरू होणार होते. मी सही केली. त्या एलटी अक्षरांवर काकांचं बोट टेकलेलं होतं, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. माझ्या जागी तुम्हीही सही केली असती.

व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला जो टाळतो, त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवा. कारण कितीही रडवेलं असो.

पत्त्यावर पोचले तेव्हा दोन बॅगा, वर लॅपटॉप. करारात लिहिलेलं, चौथा मजला, सी. दारावरच्या बेलच्या पाटीवर चौथ्या मजल्यासमोर ए आणि बी, बस्स. पोर्तेरो, म्हणजे इमारतीचा राखणदार, बाहेर आला, माझ्या हातातला करार बघितला आणि काही न विचारता म्हणाला की अशी येणारी तू पहिली नाहीस. मग मला आत बसवून पाणी दिलं. सगळ्या प्रकरणात मदत केली ती त्या एका माणसाने.

कारण बाकीच्यांचं ऐका. पोलिसांकडे देनुन्सिया, म्हणजे तक्रार, द्यायला गेले तर आधी दुभाषा नाही म्हणून उद्या या. मी स्पॅनिशमध्येच बोलत होते! मग म्हणे पैसे भारतातून गेले, तिकडे तक्रार करा. तिकडे बाबा गेले तर उत्तर, गुन्हा परदेशात घडला, तिकडे करा. बँक म्हणाली, पैसे परत मागवता येतात, पण समोरच्या खातेदाराची संमती लागते. चोराची संमती! आणि त्या अर्जाचंही वेगळं शुल्क. युनिव्हर्सिटीच्या राहण्याची सोय बघणाऱ्या विभागाने वसतिगृहांची यादी पाठवली, त्यातली बहुतेक भरलेली होती. शेवटी देनुन्सिया घेतली गेली, आणि काही महिन्यांनी कोर्टाचं पत्र आलं: आरोपी अज्ञात, प्रकरण तूर्त बंद. खाते क्रमांक दिला, बँक दिली, मेसेज दिले, तरी अज्ञात? कुणी त्या खात्याची साधी चौकशीसुद्धा केली असेल असं मला वाटत नाही.

आणि पैशांपुरतं हे थांबत नाही. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर आल्यापासून महिन्याभरात परदेशी नागरिकाच्या कार्डासाठी अर्ज करावा लागतो. त्यासाठी माझ्याकडे पत्त्याची नोंद, म्हणजे एम्पाद्रोनामिएंतो, मागितली. ती नोंद खऱ्या घराशिवाय होत नाही. मी तेव्हा हॉस्टेलच्या आठ खाटांच्या खोलीत. त्या घाईत कुणीतरी '२०० युरोत पत्ता देतो' म्हणून भेटतंच. त्याला पैसे देऊ नका. कार्डाच्या अर्जाची अपॉइंटमेंट विकणारेही भेटतील, ती सरकारी साइटवर फुकट असते. पहाटेपासून पुन्हा पुन्हा बघत राहा.

घराचा मालक कोण हे तपासता येतं, हे मला कुणीही सांगितलं नाही, ना एजंटने, ना युनिव्हर्सिटीने. स्पेनच्या मालमत्ता नोंदणीच्या अधिकृत साइटवर 'नोता सिंप्ले' नावाचा उतारा मिळतो, आपल्या सातबारासारखा, साधारण १० युरोत. १,०५० पाठवण्याआधी हे १० खर्च करा. त्यात तो फ्लॅटच सापडला नाही, तर उत्तर तिथेच मिळालं.

पासपोर्टची प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा, कुणाला, कशासाठी, तारीख. माझी कोरी प्रत त्या लोकांकडे आहे आणि तिचं ते काय करतील या विचाराने झोप उडते. पैसे गेल्याचं लक्षात आलं की भारतातून लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावायला सांगा, सोमवारची वाट बघू नका. पहिले काही दिवस हॉस्टेल धरा आणि खोली स्वतः जाऊन बघा, व्हिसापुरता पुरावा रद्द करता येणाऱ्या बुकिंगचा किंवा युनिव्हर्सिटीच्या वसतिगृहाचा चालतो का ते अर्जाआधी विचारून घ्या.

गेल्या महिन्यात तीच जाहिरात परत दिसली. तेच फोटो, निळ्या टाइल्सचं स्वयंपाकघर, गॅलरीत लाल फुलांच्या कुंड्या, नाव दुसरं, भाडं ४८०. मी तक्रार केली, जाहिरात निघाली, आणि काही दिवसांनी पुन्हा लागली. ते फोटो तुम्हाला कुणी पाठवले असतील तर पैसे पाठवू नका, पाठवले असतील तर आजच बँकेत जा.