‘नाही’ म्हणायची शिकवणी, दोन रविवार

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी अकाउंट्स बघते. महिन्याच्या जीएसटी रिटर्नची (जीएसटीआर-३बी) २० तारीख तोंडावर आली की साहेबांची हाक ठरलेली, "ताई, एवढं डिस्पॅचचं पण बघा की." आणि मी बघायची. शेवटी नवराच म्हणाला, ‘नाही’ म्हणायची शिकवणी लाव. लावली. राजारामपुरीत, दोन रविवार, १८०० रुपये.

पहिला रविवार निम्मा वाया. इंग्रजी स्लाइडा, उदाहरणं सगळी पुण्याच्या आयटीतली. आमच्याकडं साहेब वडिलांच्या वयाचे, वहिनींशी घरोबा. तिथं मेल टाकून कोण नकार देतंय? चहा मात्र झकास.

दुसऱ्या रविवारी खरं काम. शिकवणाऱ्या मॅडम साहेब झाल्या. मला एकच वाक्य धरायला लावलं: "साहेब, २० पर्यंत रिटर्न आहे, डिस्पॅच २१ला बघते." त्या चिडल्या, गोड बोलल्या, "तुम्ही घरच्याच की" म्हणाल्या, आपण तेच वाक्य, त्याच आवाजात. जादा कारणं द्यायची नाहीत, कारण प्रत्येक कारण समोरच्याला खोडून काढता येतं. तिसऱ्यांदा माझा आवाज चिरकला, पाचव्यांदा नाही. माझे ‘सॉरी’ शेजारणीनं वहीत रेघा मारून मोजले. दहा मिनिटांत नऊ!

परवा ऑफिसात वापरलं. साहेब जरा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "बरं, २१ला." टेबलाखाली माझे हात थरथरत होते, ते सोडा.

फी जास्तच आहे. पहिला रविवार कापून हजाराला द्या की.