प्रथिने जास्त, कर्बोदके कमी : मधल्या वेळचे खाणे कोणत्या मापाने निवडावे?

मधल्या वेळी काय खावे हा प्रश्न वरवर सोपा वाटला, तरी ‘प्रथिने भरपूर आणि कर्बोदके कमी’ अशी दुहेरी अट घातली की नेहमीचे बरेचसे पदार्थ पहिल्याच फेरीत गळून पडतात. बिस्किटे, पाव, वेफर्स, फळांचे रस बाजूला होतात आणि उरतात ती अंडी, बदाम-शेंगदाणे व बिया, दही-चीज-पनीर, सोयाबीनचे पदार्थ, मासे-मांस आणि वेष्टनातले प्रोटीन बार. खरी अडचण इथून सुरू होते, कारण या सगळ्यांवर ‘प्रथिनयुक्त’ हा एकच शिक्का बसलेला असतो आणि प्रत्यक्षात त्यांच्यात कित्येक पटींचे अंतर असते.

हे अंतर डोळ्यांना दिसत नाही, कारण आपण वजनाच्या हिशेबाने तुलना करतो. १०० ग्रॅम बदामांत सुमारे २१ ग्रॅम प्रथिने असतात आणि १०० ग्रॅम अंड्यांत सुमारे साडेबारा. एवढेच पाहिले तर बदाम सरस ठरतात. परंतु त्या बदामांबरोबर सुमारे ५८० कॅलरी पोटात जातात आणि अंड्यांबरोबर जेमतेम १४५. म्हणजे दर १०० कॅलरीमागे बदामातून पावणेचार ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात, तर अंड्यातून जवळजवळ नऊ ग्रॅम. माप बदलले की निकाल उलटतो, आणि माझ्या मते मधल्या वेळच्या खाण्यासाठी हे दुसरेच माप योग्य आहे, कारण हे खाणे दोन जेवणांच्या वर पडणारी भर असते आणि त्या भरीत प्रथिनांचा वाटा किती हेच आपल्याला पाहायचे असते.

युरोपीय संघाने २००६ साली पोषणविषयक दाव्यांसाठी केलेली नियमावली हेच तत्त्व वापरते. तिच्यानुसार पदार्थाच्या एकूण ऊर्जेपैकी किमान १२ टक्के ऊर्जा प्रथिनांतून येत असेल तर त्याला ‘प्रथिनांचा स्रोत’ म्हणता येते, आणि ‘प्रथिने भरपूर’ असे म्हणायचे असेल तर हे प्रमाण किमान २० टक्के असावे लागते. एक ग्रॅम प्रथिनातून चार कॅलरी मिळतात, त्यामुळे हा हिशेब कोणालाही वेष्टन हातात धरून करता येतो : प्रथिनांच्या ग्रॅमना चाराने गुणावे आणि एकूण कॅलरींशी ताडून पाहावे. या कसोटीवर बदाम १४-१५ टक्क्यांवर थांबतात, शेंगदाणे १८ टक्क्यांच्या आसपास पोहोचतात, भोपळ्याच्या बिया २० ची रेघ कशाबशा ओलांडतात, चेडरसारखे चीज २४-२५ टक्क्यांवर जाते आणि अंडे ३५ टक्क्यांवर.

मात्र ही एकच चाळणी पुरेशी नाही. उकडलेले छोले २० टक्क्यांची अट पार करतात, पण त्यांच्या १०० ग्रॅममध्ये नऊ ग्रॅम प्रथिनांबरोबर सुमारे २७ ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणून एका वेळच्या वाट्यात कर्बोदके किती, ही दुसरी चाळणी लावावीच लागते. तिच्यासाठी सर्वमान्य आकडा नाही. तंतुमय भाग वगळून एका खाण्यात पाच-सहा ग्रॅमच्या आत, अशी मर्यादा मी स्वतः पाळते आणि पुढची तुलना तिच्याच आधाराने केली आहे.

अंडी आणि बदाम ही जोडी आणखी थोडी जवळून पाहण्यासारखी आहे, कारण बहुतेकांची निवड या दोहोंतच अडकते. मी बरेच दिवस संध्याकाळी डब्यातून मूठभर बदाम घेत असे आणि ते प्रमाणात आहेत असे समजत असे. एकदा तीच मूठ स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रिकामी केली, तेव्हा आकडा ४२ ग्रॅमवर स्थिरावला. मोजून पाहिले तर पस्तीस बदाम भरले. आहारतक्त्यांमध्ये धरला जाणारा वाटा २८ ग्रॅमचा, म्हणजे तेवीस बदामांचा असतो. माझी मूठ त्याच्या दीडपट होती आणि तिच्यात २४० हून अधिक कॅलरी व सुमारे नऊ ग्रॅम प्रथिने होती. दोन उकडलेल्या अंड्यांत साडेबारा ग्रॅम प्रथिने, सुमारे १४५ कॅलरी आणि एक ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. तेवढीच प्रथिने बदामातून मिळवायची तर ६० ग्रॅम, म्हणजे पन्नासेक बदाम खावे लागतील आणि कॅलरी साडेतीनशेच्या घरात जातील. यात बदामाला कमी लेखण्याचा हेतू नाही. त्यातील स्निग्धांश चांगल्या प्रतीचा असतो, तंतू भरपूर असतात आणि ई जीवनसत्त्वही मिळते, जे अंड्यात फारसे नसते. परंतु बदाम हा मुळात स्निग्ध पदार्थ आहे आणि त्यात प्रथिने सोबतीला आहेत; अंड्याचे तसे नाही. पिवळे बलक टाकून फक्त पांढरा भाग खाण्याचीही गरज बहुतेकांना नसते, कारण एका अंड्यातील सहा ग्रॅमपैकी अडीच ग्रॅमहून अधिक प्रथिने बलकातच असतात.

बदामाच्या भाऊबंदांत निवड करायची असेल तर ती झटपट होते. शेंगदाणे आणि भोपळ्याच्या बिया प्रथिनांत पुढे आहेत. १०० ग्रॅममध्ये अनुक्रमे सुमारे २६ आणि ३० ग्रॅम. अक्रोडात कर्बोदके कमी असली तरी प्रथिनेही १५ ग्रॅमच आहेत आणि जवळजवळ दोनतृतीयांश भाग स्निग्धांशाचा आहे. काजूत १०० ग्रॅममागे ३० ग्रॅम कर्बोदके असून तंतू फारच थोडे, त्यामुळे आपल्या दुहेरी अटीवर सर्वांत मागे पडतो तो काजूच.

दह्याच्या बाबतीत मात्र सावकाश जायला हवे, कारण इथे एकाच पदार्थाची दोन रूपे दोन वेगळ्या गटांत मोडतात. साध्या दह्याच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीन ग्रॅम प्रथिने आणि पावणेपाच ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात, म्हणजे कर्बोदकेच वरचढ. तेच दही मलमलच्या कापडात बांधून, चाळणीत ठेवून, फ्रीजमध्ये रात्रभर निथळू दिले तर सकाळी खालच्या भांड्यात पिवळसर-हिरवट पाणी साठलेले दिसते आणि कापडात घट्ट चक्का उरतो. त्या पाण्याबरोबर दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, बऱ्याच अंशी निघून जाते आणि केसीन हे दुधातले मुख्य प्रथिन चक्क्यात मागे राहते. बाजारात ‘ग्रीक योगर्ट’ या नावाने मिळते ते याच पद्धतीचे दही. साय काढलेल्या दुधापासून केलेल्या अशा दह्यात १०० ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम प्रथिने, चार ग्रॅमच्या आत कर्बोदके आणि ६० च्या आसपास कॅलरी असतात. शाकाहारी व्यक्तीला यापेक्षा सरस मधल्या वेळचे खाणे मला तरी सुचवता येत नाही. दोन गोष्टी मात्र पाहून घ्याव्यात. घटकांच्या यादीत स्टार्च किंवा जिलेटिन असेल तर तो घट्टपणा निथळण्यातून आलेला नसण्याची शक्यता असते. आणि फळांच्या स्वादाच्या प्रकारांत वरून घातलेली साखर निथळून मिळवलेला सगळा फायदा परत घालवते.

चीज, पनीर आणि टोफू (सोयाबीनच्या दुधाचे पनीर) हे तिघे दिसायला जवळचे आहेत. कर्बोदके तिघांतही नाममात्र असल्याने निवड इतर गोष्टींवर करायची आहे. ३० ग्रॅम चेडरमध्ये सात ग्रॅम प्रथिने व सुमारे १२० कॅलरी असतात, आणि त्याबरोबर अर्धा ग्रॅम मीठही येते. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभरासाठी सांगितलेली मर्यादा पाच ग्रॅमच्या आत आहे, हे लक्षात घेता रक्तदाब असलेल्यांनी हा तुकडा मोजूनच घ्यावा. पनीरमध्ये मीठ नसते किंवा फार कमी असते, पण पूर्ण दुधाचे असेल तर स्निग्धांश प्रथिनांच्या बरोबरीने असतो. घट्ट टोफू या बाबतीत दोघांच्या पुढे आहे, कारण त्यात प्रथिनांचा वाटा मोठा आणि कॅलरी मोजक्या असतात. मऊ टोफूत पाणी जास्त असल्याने प्रथिने निम्म्यावर येतात, एवढेच ध्यानात ठेवावे. शिवाय सोयाबीनच्या प्रथिनांत सर्व आवश्यक अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिने ज्यांची बनतात ते घटक, पुरेशा प्रमाणात असतात, जे शेंगदाणे-बदामांबद्दल म्हणता येत नाही. त्यांच्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडते.

हिरवे कोवळे सोयाबीन आणि भाजलेले हरभरे यांची तुलनाही उपयोगी आहे, कारण दोन्ही कडधान्यच, आणि दोन्ही ‘पौष्टिक’ म्हणूनच ओळखली जातात. उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १२ ग्रॅम प्रथिने असतात आणि नऊ-दहा ग्रॅम कर्बोदकांपैकी निम्मे तंतूच असतात. भाजलेल्या हरभऱ्यांच्या छोट्या मुठीतूनच १५ ग्रॅमहून अधिक कर्बोदके जातात. हरभरे उत्तम अन्न आहे; फक्त ते या यादीत बसत नाही.

मासे आणि मांसाबद्दल फार लिहावे लागत नाही. पाण्यातल्या डबाबंद ट्यूनात १०० ग्रॅममागे सुमारे २५ ग्रॅम प्रथिने, शून्य कर्बोदके आणि ११५ च्या आसपास कॅलरी असतात; शिजवलेल्या कोंबडीच्या छातीच्या मांसाचे गणितही याच वळणाचे आहे. ट्यूनात पारा असू शकतो, म्हणून गरोदर स्त्रियांनी प्रमाण सांभाळावे. मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्यांत मीठ भरपूर आणि बरेचदा साखरही घातलेली असते.

राहिले प्रोटीन बार, आणि वाचकाची सर्वाधिक दिशाभूल होते ती इथेच. समजा, ६० ग्रॅमच्या एका बारवर २० ग्रॅम प्रथिने, २२ ग्रॅम कर्बोदके, त्यांत ४ ग्रॅम तंतू व १२ ग्रॅम शर्करा-अल्कोहोल (साखरेऐवजी वापरले जाणारे, कमी कॅलरींचे गोडवे) असे लिहिले आहे आणि दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत ‘नेट कार्ब्स ६ ग्रॅम’ छापले आहे. हा सहाचा आकडा तंतू आणि शर्करा-अल्कोहोल पूर्णपणे वजा करून काढलेला असतो. ते १२ ग्रॅम एरिथ्रिटॉल या प्रकारच्या गोडव्याचे असतील तर वजाबाकी बरीचशी रास्त आहे, कारण ते शरीराबाहेर जवळजवळ जसेच्या तसे टाकले जाते. पण ते माल्टिटॉल हा दुसरा प्रकार असेल तर त्यातून साखरेच्या निम्म्याहून थोड्या अधिक कॅलरी मिळतात आणि रक्तातील साखरही काही प्रमाणात वाढते. मग सहा हा आकडा खरा राहत नाही. माल्टिटॉलचे प्रमाण जास्त झाले तर पोट फुगते आणि जुलाबही होतात. युरोपात असे गोडवे १० टक्क्यांहून अधिक असलेल्या पदार्थांवर तशी सूचना छापणे बंधनकारक आहे.

वजाबाकीत आणखी एक खाच आहे, आणि आयात केलेला माल घेणाऱ्यांना ती ठाऊक असायलाच हवी. अमेरिकी वेष्टनावरील एकूण कर्बोदकांत तंतू धरलेले असतात. युरोपीय वेष्टनावर ते आधीच वगळून वेगळे दाखवलेले असतात. युरोपीय आकड्यातून तंतू पुन्हा वजा केले तर बार प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा हलका भासतो. प्रथिनांचा आकडाही नीट पाहावा लागतो. घटकांच्या यादीत कोलॅजन (प्राण्यांच्या कातडी-हाडांतून काढलेले प्रथिन) वरच्या क्रमाने असेल, तर त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल मुळीच नसते, त्यामुळे ते २० ग्रॅम अंड्याच्या किंवा दुधाच्या २० ग्रॅमची बरोबरी करत नाहीत. दुधाची किंवा सोयाबीनची प्रथिने आधी लिहिलेली असतील तोच बार घ्यावा, आणि तोही दुसरे काही शक्य नसेल तेव्हाच, असे माझे स्पष्ट मत आहे.

ते ‘शक्य नसणे’ बहुधा प्रवासात घडते. उकडलेली अंडी, चक्का, पनीर, टोफू हे सारे फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, हवा फार गरम असेल तर एकच तास. त्यामुळे ज्यांच्या कामाच्या जागी फ्रीज आहे त्यांनी अंडी किंवा घट्ट दही निवडावे. ज्यांचा दिवस रस्त्यावर जातो त्यांनी घरून २८-३० ग्रॅम मोजून पुडीत बांधलेल्या भोपळ्याच्या बिया किंवा शेंगदाणे न्यावेत, आणि अख्खा डबा बरोबर घेऊ नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या चालू असणाऱ्यांनी कर्बोदके एकाएकी कमी केल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, म्हणून त्यांनी औषधाची मात्रा डॉक्टरांकडून तपासून घेतल्यानंतरच हा बदल करावा. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनीही प्रथिने वाढवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.